एक प्रश्न, चार फ्रेमवर्क: एंटरप्राइज आर्किटेक्चर निवडतानाच्या प्रकल्प नोंदी

आमच्या संस्थेत जुनी ग्राहक-नोंदणीची सिस्टिम बदलायचं ठरलंय. ते काम सुरू व्हायच्या आधी "आपण कुठलं एंटरप्राइज आर्किटेक्चर फ्रेमवर्क वापरणार ते नक्की करा" असं वरून आलं. असं फ्रेमवर्क म्हणजे संस्थेची कामं, माहिती आणि सिस्टिम यांचा एकत्र आराखडा मांडायची तयार चौकट. यादीत झॅकमन, टोगाफ (TOGAF), अमेरिकी सरकारचं एफईएएफ (FEAF) आणि अमेरिकी संरक्षण खात्याचं डोडॅफ (DoDAF) अशी चार नावं. ज्यांच्या गळ्यात हेच काम पडलंय त्यांच्यासाठी नोंदी ठेवतेय. थिअरी कुठंही मिळते, इथं काय केलं, कुठं अडलं आणि कशामुळे सुटलं एवढंच लिहिणार.

३ जून

सुरुवात सगळे करतात तशीच केली, मार्कांचा तक्ता. वर चार फ्रेमवर्क, बाजूला निकष: शिकायला किती सोपं, प्रक्रिया किती पक्की, वर्गीकरण किती पूर्ण, टूल मिळतात का, जाणकार माणसं मिळतात का, फायदा दिसायला किती वेळ लागतो. प्रत्येक निकषाला वेटेज. २००७ साली एक गाजलेली तुलना आली होती, तिच्यात झॅकमन, टोगाफ, अमेरिकी सरकारचं फेडरल आर्किटेक्चर आणि सल्लागार कंपनी गार्टनरची पद्धत अशा चौघांना बारा निकषांवर १ ते ४ मार्क दिले होते. आमचा तक्ता साधारण त्याच वळणाचा. बिलिंग, डिस्पॅच, कस्टमर सर्व्हिस, फायनान्स आणि आयटी, सगळ्यांकडून वेटेज मागवलंय.

१० जून

तक्ता भरून आला आणि निरुपयोगी ठरला. पहिलं कारण म्हणजे वेटेज. फायनान्सने दिलेलं वेटेज लावलं की टोगाफ पहिला, डिस्पॅचचं लावलं की डोडॅफ वर, आणि आयटीमधल्या दोघांची वेटेज एकमेकांशी जुळत नाहीत. एखादा आकडा जरा हलवला की पहिला नंबर बदलतो. अशा तक्त्यावर सही कोण करणार?

दुसरं कारण जास्त मुळातलं आहे. ही चार एका जातीची नाहीतच. झॅकमन म्हणजे वर्गीकरण, संस्थेबद्दलची कुठली माहिती कुठल्या खान्यात बसते ते सांगणारा तक्ता. टोगाफचा गाभा म्हणजे एडीएम, कामाचा क्रम. एफईएएफची ताकद त्याच्या रेफरन्स मॉडेलमध्ये, म्हणजे सगळ्या खात्यांनी वापरायची एक सामायिक वर्गवारी. आणि डोडॅफ सांगतं की कुठली चित्रं आणि कुठले तक्ते काढायचे, त्यात काय असायला हवं. मग "प्रक्रिया किती पक्की" या निकषावर झॅकमनला कमी मार्क द्यायचे याला काय अर्थ आहे, ती मेथडॉलॉजी, म्हणजे काम करायची पद्धत, नाही असं ते बनवणारे जॉन झॅकमन स्वतःच सांगत आलेत.

२००७ च्या त्या तुलनेचा निष्कर्षसुद्धा असाच होता की एकातच सगळं मिळत नाही, आपल्याला लागेल ते वेचून घ्या. पण वेचायचं कशाच्या आधारावर? इथंच घोडं पेंड खातंय.

१३ जून

पद्धत बदलली. मार्क बंद. आता संस्थेतला एक खराखुरा प्रश्न घ्यायचा आणि तोच प्रश्न चारही फ्रेमवर्कमधून चालवायचा. शेवटी बघायचं की कुणी काय हाती दिलं आणि त्यासाठी किती लोकांचा किती वेळ खाल्ला.

प्रश्न निवडायलाच एक अख्खी दुपार गेली, पण ती सत्कारणी लागली. तीन अटी ठेवल्या. प्रश्न एकापेक्षा जास्त खात्यांचा असावा, त्याचं उत्तर आज कुणाही एका माणसाकडे नसावं, आणि उत्तर मिळालं तर कुठला तरी निर्णय बदलायला हवा. "आपली डिजिटल स्ट्रॅटेजी काय" असले प्रश्न लगेच बाद झाले, कारण त्यांना कुठलंही उत्तर चालतं. शेवटी ठरला तो प्रश्न असा:

ग्राहकाने पत्ता बदलला तर तो कुठं कुठं बदलतो, कोण बदलतं आणि किती वेळात?

दिसायला साधा आहे. पण जुन्या पत्त्यावर पार्सल गेल्याच्या तक्रारी सतत येतात, त्या सगळ्या "डिलिव्हरीवाल्यांची चूक" म्हणून बंद केल्या जातात, आणि बदलायची आहे ती सिस्टिमसुद्धा हीच.

१८ जून – झॅकमन

पहिला लेख १९८७ मध्ये आयबीएमच्या जर्नलमध्ये आला, १९९२ मध्ये त्याचा विस्तार झाला. आजचा तक्ता सहा बाय सहाचा. स्तंभ: काय, कसं, कुठं, कोण, कधी, का. ओळी म्हणजे बघणाऱ्याची जागा, वर संस्था चालवणारे, मग धंद्याची बाजू सांभाळणारे, मग आर्किटेक्ट, इंजिनिअर, टेक्निशियन आणि तळाला प्रत्यक्ष चालू असलेली संस्था.

छत्तीसच्या छत्तीस खाने भरायला घेऊ नका. आम्ही पहिल्या बैठकीत तेच करू पाहिलं आणि लोक वरच्या ओळीतल्या "का" वरच अडकले. पत्त्याचा प्रश्न बाजूला राहिला आणि संस्थेचं ध्येय काय यावर चर्चा रंगली. बैठक संपली तेव्हा हातात काही नाही.

दुसऱ्या बैठकीत फक्त दोन ओळी घेतल्या, धंद्याची बाजू आणि प्रत्यक्ष चालू असलेली संस्था. एक कागदावर काय ठरलंय ते, दुसरी खरं काय चाललंय ते. सहा स्तंभ, बारा खाने. हे जमलं.

२५ जून – झॅकमन, पुढे

बारा खान्यांतले पाच तासाभरात भरले. "काय": पत्ता. "कुठं": ग्राहक-नोंदणी, बिलिंग, ऑर्डर सिस्टिम, वेबसाइटवरचं प्रोफाइल, लेबल छापणारी सिस्टिम, आणि फायनान्समधली एक एक्सेल शीट जी आयटीच्या कुठल्याच यादीत नव्हती. "कोण": कस्टमर सर्व्हिस, आणि वेबसाइटवर ग्राहक स्वतः.

"कधी"चा खाना मात्र रिकामाच. कुणीच बोलेना. धंद्याच्या ओळीत सगळ्यांचं एकमत, "लगेच". खालच्या ओळीत काय लिहायचं ते कुणालाच सांगता येईना. मग ज्याच्याकडे रात्री आपोआप चालणारे जॉब असतात त्या ऑपरेशन्समधल्या माणसाला बोलावलं. त्याने सांगितलं ते असं: कस्टमर सर्व्हिसने बदललेला पत्ता रात्रीच्या बॅचमध्ये फाइलने बिलिंगला जातो. वेबसाइटवर बदललेला पत्ता क्यूमधून काही मिनिटांत ग्राहक-नोंदणीत येतो. ऑर्डर सिस्टिम मात्र ऑर्डर नोंदली त्या क्षणी पत्त्याची कॉपी करून ठेवते आणि नंतर परत बघतच नाही. लेबल छापणारी सिस्टिम ती कॉपी उचलते.

म्हणजे ग्राहकाने सकाळी ऑर्डर दिली, दुपारी फोन करून पत्ता बदलून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी लेबल छापलं, तर लेबलवर जुनाच पत्ता येणार. डिलिव्हरीवाला लेबल बघूनच जातो, त्याच्याकडे बरोबर पत्ता कधी पोचलेलाच नव्हता. वर्षानुवर्षं ज्यांच्यावर खापर फुटलं त्यांचा यात काडीचा दोष नाही. हे वाचताना डिस्पॅचच्या सुपरवायझर मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त त्यांनी तक्त्याचा फोटो काढून घेतला.

झॅकमनबद्दल माझं मत असं की तो उत्तर देत नाही, पण कुठला प्रश्न कुणी विचारलेलाच नाही ते उघड करतो. रिकामा खाना हेच त्याचं काम. पुढं काय करायचं याबद्दल त्यात काही नाही, आणि ते त्यात शोधूही नये.

४ जुलै – टोगाफ

द ओपन ग्रुप या स्टँडर्ड बनवणाऱ्या संघटनेचं. पहिली आवृत्ती १९९५ ची, अमेरिकी संरक्षण खात्याच्या टॅफिम या जुन्या फ्रेमवर्कवर आधारलेली. सध्याची दहावी आवृत्ती २०२२ ची, आणि तिच्यात मूळ भाग आणि सिरीज गाइड असे दोन वेगळे गठ्ठे केलेत. आमच्याकडच्या दोघांचं प्रशिक्षण ९.२ वर झालेलं, त्यामुळे "हे कुठल्या प्रकरणात होतं" यातच बराच वेळ गेला. तुमच्याकडेही असं असेल तर आधीच ठरवा कुठली आवृत्ती समोर ठेवायची.

एडीएममध्ये प्रिलिमिनरी, मग ए पासून एच पर्यंत आठ फेज (टप्पे), आणि मधोमध रिक्वायरमेंट मॅनेजमेंट, म्हणजे गरजांची नोंद सांभाळणं. सगळे फेज आणि त्यांची सगळी कागदपत्रं एका पत्त्याच्या प्रश्नासाठी केली असती तर नवीन सिस्टिम येऊन जुनी झाली असती. टोगाफ स्वतःच सांगतं की आपल्याला लागेल तसं कापून-जोडून घ्या, आणि ते काम प्रिलिमिनरी फेजमध्येच करायचं असतं. आमच्या प्रशिक्षित लोकांना मात्र काहीही गाळायची भीती वाटत होती. यादीतलं एकेक कागदपत्र घेऊन "हे नाही केलं तर कुणाचा कुठला निर्णय अडेल?" असं विचारत गेलो. ज्याला उत्तर नाही ते बाजूला. उरलं ते एवढंच: तत्त्वं, कामाचा लेखी करार, ॲप्लिकेशन आणि डेटाचा मॅट्रिक्स (कुठलं ॲप्लिकेशन कुठला डेटा वापरतं), आणि गॅप ॲनालिसिस (आज आहे ते आणि उद्या हवं ते यातला फरक).

११ जुलै – टोगाफ, तत्त्वं

यावर जरा सविस्तर लिहिते कारण हा भाग लोक घाईत उरकतात.

टोगाफमध्ये प्रत्येक तत्त्व चार भागांत लिहायचं असतं: नाव, विधान, कारण आणि परिणाम. नमुन्यादाखल दिलेल्या तत्त्वांमध्ये एक आहे डेटा ट्रस्टीचं, म्हणजे प्रत्येक डेटाच्या अचूकतेची जबाबदारी घेणारा कुणीतरी ठरलेला असावा. आम्ही ते घेतलं. नाव, विधान, कारण, हे तिन्ही भाग सगळ्यांनी माना डोलवत मान्य केले. असली वाक्यं कुणीही मान्य करतं, भिंतीवर लावायला बरी असतात.

मग "परिणाम" लिहायला घेतला. पत्त्याचा ट्रस्टी कस्टमर सर्व्हिस असेल तर बिलिंगला स्वतःच्या स्क्रीनवरून पत्ता दुरुस्त करता येणार नाही, ते बटण काढावं लागेल. इथं बिलिंगचे प्रमुख उठलेच. त्यांचं म्हणणं रास्त होतं: महिनाअखेरीला बिल परत आलं तर ते दुरुस्ती करून लगेच पुन्हा पाठवतात, कस्टमर सर्व्हिसच्या रांगेत थांबले तर बिलाची मुदत जाते. म्हणजे ते बटण हौसेने ठेवलेलं नव्हतं. बराच वेळ ओढाताण झाली. शेवटी "परिणाम"मध्ये दोन वाक्यं आली: बिलिंगने दुरुस्ती करायची ती ग्राहक-नोंदणीच्या स्क्रीनवर, आणि त्यासाठी बिलिंगच्या ठरावीक लोकांना तिथला ॲक्सेस द्यायचा. ट्रस्टी कस्टमर सर्व्हिसच राहील, त्यांना त्या दुरुस्त्यांची यादी रोज जाईल.

तुम्ही तत्त्वं लिहिणार असाल तर "परिणाम"पासून सुरुवात करा. ज्या तत्त्वाच्या परिणामावर कुणीच हरकत घेत नाही ते तत्त्व कुणी वाचलेलंच नाही असं समजा आणि परत विचारा.

१५ जुलै – टोगाफ, गॅप मॅट्रिक्स

उभ्या बाजूला आज जे आहे ते, आडव्या बाजूला उद्या जे हवं ते, शेवटचा स्तंभ "काढून टाकलेलं" आणि शेवटची ओळ "नवीन". जुन्यातलं जे नव्यात कुठंच सापडत नाही ते मुद्दाम काढलंय की नजरचुकीने सुटलंय, हे एकेक करून विचारायचं.

झॅकमनच्या वेळी दिसलेली फायनान्सची एक्सेल शीट नेमकी इथंच परत समोर आली. नव्या आराखड्यात तिला जागा नव्हती आणि ती काढायचं असंही कुणी ठरवलेलं नव्हतं. विचारल्यावर कळलं की वर्षाअखेरीचे खाते-उतारे ग्राहकांना पोस्टाने जातात ते तिच्यावरून. एका जुन्याजाणत्या काकांनी ती सांभाळलीये, परत आलेली टपाल पाकिटं बघून ते एकेक पत्ता हाताने सुधारतात. अख्ख्या संस्थेतली सगळ्यात अचूक पत्त्यांची यादी बहुधा तीच असावी, आणि आम्ही ती न विचारताच बंद करणार होतो. आता ती नव्या सिस्टिममध्ये पत्ते भरताना पडताळणीसाठी वापरायची, आणि परत आलेल्या टपालाची नोंद घ्यायची सोय "नवीन" ओळीत टाकलीये.

हा मॅट्रिक्स काढायला कुठलंही टूल लागत नाही, बाकी टोगाफ घेतलं नाही तरी एवढं घ्या.

२२ जुलै – एफईएएफ

लवकर आटपलं. अमेरिकेत १९९६ च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने सरकारी खात्यांच्या सीआयओंवर (आयटी प्रमुखांवर) आयटी आर्किटेक्चरची जबाबदारी टाकली, त्यानंतर १९९९ मध्ये एफईएएफ आलं. २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत सहा रेफरन्स मॉडेल आहेत: परफॉर्मन्स, बिझनेस, डेटा, ॲप्लिकेशन, इन्फ्रास्ट्रक्चर, सिक्युरिटी. हेतू असा की वेगवेगळी खाती एकाच प्रकारचं काम करत असतील तर ते एकाच नावाखाली दिसावं आणि खर्च दोनदा होऊ नये.

आमची सगळी सिस्टिम्स त्यांच्या ॲप्लिकेशन मॉडेलमध्ये बसवायचा प्रयत्न केला. सरकारी कामांची वर्गवारी आमच्या कामाला जागोजागी आखूड पडली, आणि "हे या खान्यात की त्या" या वादात आठवड्यातला बराचसा वेळ गेला. सोडून दिलं. बँक किंवा टेलिकॉमवाल्यांनी हे करण्यापेक्षा त्यांच्या क्षेत्राची तयार मॉडेल बघावीत, बँकांसाठी बीआयएएन आहे, टेलिकॉमसाठी टीएम फोरमचं ईटॉम.

एक गोष्ट ठेवली. एफईएएफच्या कामाच्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत आणि दुसरी पायरी म्हणजे हेच काम आधी कुणी केलंय का ते शोधून त्याचा वापर करून घेणे. आम्ही शोधलं तर वेबसाइटच्या टीमने पत्ता तपासायची सर्व्हिस आधीच बनवलेली निघाली आणि दुसऱ्या टीमच्या बजेटमध्ये तीच नव्याने बनवायचं काम मंजूर झालेलं. ते थांबवलं.

२९ जुलै – डोडॅफ

सैन्यासाठी बनवलेलं म्हणून आमच्याकडे कुणी गंभीरपणे घेत नव्हतं. मूळ त्याच खात्याच्या सीफोरआयएसआर या फ्रेमवर्कचं, डोडॅफ १.० आलं २००३ मध्ये आणि २.० आलं २००९ मध्ये. आठ व्ह्यूपॉइंट (बघायच्या बाजू), पन्नासहून जास्त मॉडेल (ठरवून दिलेली चित्रं आणि तक्ते). नावं ऐकून लोक बिचकतात, ओव्ही-२ या मॉडेलमधल्या "नीडलाइन" (कुणाला कुणाकडून माहिती लागते ती रेघ) वगैरे शब्दांनी तर बिलिंगवाल्यांनी पाठच फिरवली. पण २.० पासून त्यांचाच आग्रह आहे की सगळी मॉडेल काढू नका, ज्या कामासाठी हवीत तेवढीच काढा.

आम्ही तीन काढली. एव्ही-२, म्हणजे सगळ्या संज्ञांचा एकत्रित कोश. एसव्ही-३, म्हणजे सिस्टिम विरुद्ध सिस्टिम असा मॅट्रिक्स, कोण कोणाशी बोलतं एवढंच. आणि एसव्ही-६, ज्यात त्या प्रत्येक देवाणघेवाणीचा तपशील.

एव्ही-२ ने पहिल्याच दिवशी काम दाखवलं. "पत्ता" या एका नावाखाली बिलिंगचा पत्ता, डिलिव्हरीचा पत्ता आणि नोंदणीकृत पत्ता असे तीन वेगळे अर्थ चालू होते आणि रात्रीची बॅच फाइल त्यातला एकच नेत होती.

पण खरी कमाई एसव्ही-६. एक ओळ म्हणजे एक देवाणघेवाण: कुठून, कुठं, काय, कुठल्या फॉरमॅटमध्ये, किती वेळाने, कशामुळे सुरू होते, सुरक्षेची काय सोय, अडलं तर कुणाला कळतं. भरायला वेळ लागतो, एकेका ओळीसाठी दोन्हीकडच्या माणसांना समोरासमोर बसवावं लागतं, ईमेलवर पाठवलेला तक्ता अर्धवट भरूनच परत येतो. ग्राहक-नोंदणी ते बिलिंग या ओळीवर "अडलं तर कुणाला कळतं" विचारलं तेव्हा पाठवणारे म्हणाले बिलिंगला कळत असेल, आणि बिलिंगवाले म्हणाले पाठवणाऱ्यांना कळत असेल. लॉग काढून बघितला. फाइल रिकामी आली तरी जॉब "यशस्वी" म्हणून संपतो, अलर्ट जातच नाही. त्याच आठवड्यात तपासणी बसवली, रेकॉर्डची संख्या शून्य असेल तर जॉब फेल व्हायला हवा आणि दोन्ही टीमला मेसेज जायला हवा.

चारही फ्रेमवर्क चालवल्यावर माझं स्पष्ट मत: व्यवसाय कुठलाही असो, एसव्ही-६ बनवा.

५ ऑगस्ट – आर्किमेट

आतापर्यंत सगळं तक्त्यांत, आता चित्र हवं. आर्किमेट हे फ्रेमवर्क नव्हे, चित्र काढायची भाषा आहे, नेदरलँड्समध्ये तयार झाली, २००९ पासून द ओपन ग्रुपचं स्टँडर्ड. टूल घेतलं आर्ची, ओपन सोर्स आहे, पैसे लागत नाहीत.

चित्र सुंदर आलं आणि बैठकीत पार फसलं, कारण बाण. फ्लोचा बाण डेटा जातो त्या दिशेने. सर्व्हिंगचा बाण सेवा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे. ॲक्सेसची रेघ ॲप्लिकेशनपासून डेटा ऑब्जेक्टकडे. एकाच चित्रात तिन्ही होते. वेबसाइट पत्ता तपासायची सर्व्हिस वापरते, तर बाण सर्व्हिसकडून वेबसाइटकडे येतो, आणि लोकांनी वाचलं की सर्व्हिस वेबसाइटला पत्ता पाठवते. आवृत्ती ३.० च्या आधी याच नात्याला "वापरलं जातं" अशा अर्थाचं नाव होतं, जुनी चित्रं पाहिलेल्यांना ते तरी आठवत होतं, बाकीच्यांचा गोंधळच.

उपाय म्हणजे आर्किटेक्ट सोडून इतरांना दाखवायच्या चित्रात फक्त फ्लो, आणि प्रत्येक बाणावर काय जातं आणि कधी जातं ते लिहिलेलं. सर्व्हिंग आणि ॲक्सेस मॉडेलमध्ये ठेवायचे पण त्या व्ह्यूमध्ये लपवायचे. तेच लोक, तीच सिस्टिम्स, आणि यावेळी चर्चा बाणांवर नाही तर रात्रीच्या बॅचवर झाली.

९ ऑगस्ट

सिस्टिम्सची यादी हाताने काढत बसू नका, आर्चीमध्ये सीएसव्हीने (साध्या तक्त्याच्या फाइलने) आत घेता येते. एक सांभाळा. आयडीचा रकाना रिकामा ठेवला तर प्रत्येक वेळी नवीन आयडी बनतो, म्हणजे सुधारलेली फाइल परत आत घेतली की तीच सिस्टिम दोनदा दिसते आणि जुनी नाती जुन्या कॉपीला चिकटून राहतात. आमच्याकडे असं झाल्यावर बॅकअपवरून परत यावं लागलं. आता पहिल्यांदा आत घेतल्यावर लगेच बाहेर काढतो, त्या आयडीसकटच्या फाइलमध्ये बदल करतो आणि तीच परत आत घेतो.

२० ऑगस्ट

मॉडेल शिळं झालंय. डिस्पॅचच्या टीमने दरम्यान एका इंटरफेसची फाइल बंद करून एपीआय (सिस्टिमने सिस्टिमशी थेट बोलायची सोय) लावला, एसव्ही-६ मध्ये अजून फाइलच. महिनाही झाला नाही. हे असंच चाललं तर सहा महिन्यांनी या सगळ्याला कुणी विचारणार नाही.

तुलनेत आम्ही जो निकष घेतलाच नव्हता तोच सगळ्यात मोठा निघाला: हे अद्ययावत कोण ठेवणार? टोगाफमध्ये फेज जी आणि एच हे बांधकामावर लक्ष ठेवायला आणि बदल सांभाळायला आहेत, पण त्यासाठी वेगळं मंडळ नेमलं असतं तर आणखी एक बैठक वाढली असती. त्यापेक्षा बदलाची विनंती मंजूर करणारी जी समिती दर आठवड्याला बसतेच, तिच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: एसव्ही-६ ची कुठली ओळ बदलते. "कुठलीच नाही" असं लिहिता येतं, पण रिकामं सोडता येत नाही. बदल लाइव्ह गेल्यावर ती ओळ सुधारल्याशिवाय विनंती बंद होत नाही.

दुसरं म्हणजे रकाने कमी केले. ज्या रकान्याला तीन आठवड्यांत कुणी हात लावला नाही आणि ज्यावरून कुणी काही विचारलं नाही तो उडवला. सुरक्षेचा रकाना कुणी बघत नव्हतं पण तो ठेवला, ग्राहकांचा डेटा आहे.

२८ ऑगस्ट

वरिष्ठांपुढे मांडलं. "कुठलं फ्रेमवर्क?" याला आमचं उत्तर असं: कामाचा क्रम आणि सह्या टोगाफच्या, त्यातही फक्त तत्त्वं, लेखी करार आणि गॅप मॅट्रिक्स. नवीन काम सुरू करताना काही सुटलंय का ते बघायला झॅकमनच्या दोन ओळी. रोजच्या वापराला डोडॅफचे एव्ही-२ आणि एसव्ही-६. चित्रं आर्किमेटमध्ये. एफईएएफमधून फक्त आधी शोधण्याची पायरी.

विचारलं गेलं की असं मिश्रण केल्यावर "आम्ही टोगाफ वापरतो" म्हणता येईल का. टोगाफमध्ये आपल्या गरजेनुसार बदल करणं आणि दुसऱ्या फ्रेमवर्कमधलं घेणं दोन्हीला मुभा आहे, त्यामुळे म्हणता येईल. पण मी त्यांना तक्ता उघडून लेबलच्या पत्त्याची ओळ दाखवली, आणि पुढची सगळी चर्चा त्या ओळीवर झाली. मंजुरी तिथंच मिळाली.

११ सप्टेंबर

लेबल छापणारी सिस्टिम आता छापायच्या क्षणी ग्राहक-नोंदणीकडून पत्ता घेते. एक अपवाद आहे. भेट म्हणून दुसऱ्याच पत्त्यावर पाठवायच्या ऑर्डरला ऑर्डरमधलाच पत्ता लागतो, हे चाचणीत डिस्पॅचच्या मॅडमनी पकडलं, म्हणून आधी एव्ही-२ मध्ये "डिलिव्हरीचा पत्ता"ची व्याख्या दुरुस्त केली आणि मग कोड. बिलिंगच्या स्क्रीनवरचं बटण अजून आहे, बिलिंगच्या लोकांना नवा ॲक्सेस मिळाला की निघेल.

एसव्ही-६ चे आमचे सध्याचे रकाने, ज्यांना उचलायचे असतील त्यांच्यासाठी: ओळीचा क्रमांक, पाठवणारी सिस्टिम, घेणारी सिस्टिम, काय जातं (नाव एव्ही-२ मधलंच हवं), फॉरमॅट, किती वेळाने, कशामुळे सुरू होतं, अडलं तर कुणाला कळतं, सुरक्षा, दोन्हीकडच्या जबाबदार माणसाचं पद (नाव नको, माणसं बदलतात), शेवटचं कधी पडताळलं. नवीन सिस्टिमसाठी ज्या पुरवठादारांशी बोलणी चालू आहेत त्यांच्या करारातही हे रकाने भरून द्यायची अट टाकलीये. एकाने "फॉरमॅट आणि वेळ नंतर कळवू" म्हणून उत्तर पाठवलं, ते परत पाठवलंय.